आवाज न करणारे कपडे

रविवारची जेवणं उरकली आणि थोरलीनं सगळ्यांना कपाटापाशी बोलावलं, तेव्हा संध्याकाळपर्यंत या घरात एवढं रामायण घडेल असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. सासूबाई गेल्या त्या वर्षीच्या भांडणानंतर दोघे भाऊ पहिल्यांदाच एका छताखाली हसून बोलत होते. धाकटा आणि धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाहून मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन आले होते, आणि कधी नव्हे ते वेळेवर आले होते.

"काही न्यायचं असलं की यांना रस्त्यात गर्दी लागत नाही," अप्पा पुटपुटले. सासऱ्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं शेजारच्या घरापर्यंत जात असे. धाकटीनं ते ऐकलं आणि गोड हसून बॅगेची चेन उघडली.

कपाट म्हणजे खरं तर कपाट नव्हतं. अप्पांनी हे घर बांधलं तेव्हा दोन खोल्यांच्या मधे एक अरुंद जागा उरली होती. गवंड्याचं माप चुकलं, असं घरात सांगितलं जाई. माणूस उभा राहील, दोघं दाटीवाटीनं बसतील, पण खाट काही मावणार नाही, अशी ती जागा. सासूबाईंनी तिथे कपडे टांगायला आडव्या दांड्या ठोकून घेतल्या, भिंतीला लागून कप्पे करून घेतले, आणि तिचं कपाट झालं. पुढे थोरली सून आली ती टीव्हीवर बातम्या वाचणारी. तिच्या कोटांनी ते कपाट असं काही भरलं की आपला एक शर्ट शोधायला थोरलीच्या नवऱ्याला, म्हणजे दादाला, बॅटरी घेऊन आत शिरावं लागे.

गंमत अशी की ते सगळे कपडे अर्धेच होते. थोरली इतकी वर्षं रोज संध्याकाळी लोकांच्या घरात दिसली ती कमरेपर्यंतच. वर कडक इस्त्रीचा कोट, गळ्याशी रेशमी रुमाल. आणि टेबलाखाली गुडघ्यावर ठिगळ लावलेला ढगळ पायजमा आणि स्लिपर. कोट तिच्याकडे सगळ्या रंगांचे होते. धड पँट म्हणावी अशी एकच होती, आणि तीही लग्नकार्याला लागते म्हणून घेतलेली.

मग वाहिनीवर नवा संचालक आला आणि त्यानं टेबलच काढून टाकलं. आता बातम्या चालत चालत सांगायच्या, म्हणाला. थोरलीनं चालून पाहिलं. पाणीकपातीची बातमी सांगताना तिचा पाय वायरीत अडकला, आणि पाणी कुठे कधी येणार हे तिनं जमिनीवरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. घरी आल्यावर ती रडली नाही. फक्त जेवणाच्या टेबलाशी बराच वेळ दोन्ही कोपरं टेकून बसून राहिली.

पण तिचा आवाज काही त्या टेबलाबरोबर गेला नव्हता. पुस्तकं वाचून त्यांची ध्वनिमुद्रणं विकणाऱ्या एका कंपनीनं तिला विचारलं. काम घरी बसून करायचं. कोणी बघणार नाही, फक्त ऐकणार. कंपनीचा आवाजवाला घर बघायला आला. प्रत्येक खोलीत उभा राहून टाळी वाजवायचा आणि नाक मुरडायचा. शेवटी कपाटात शिरला, कोटांच्या मधे उभा राहून टाळी वाजवली, आणि त्याचा चेहरा खुलला. "इथेच बसा," म्हणाला. "अशी शांत जागा शहरात मिळायची नाही." वाचताना मधेच कोणी दार उघडू नये म्हणून त्यानं आतून कडी बसवून दिली. नमुन्याची दोन पानं वाचून पाठवा, ती चांगली आली की काम पक्कं, असं सांगून तो गेला.

थोरलीनं त्याच दिवशी ठरवलं, की कपाट रिकामं करायचं. आत टेबल आलं पाहिजे, खुर्ची आली पाहिजे. आणि एवीतेवी कोट कशाला हवेत आता?

"माणसाला किती कमी लागतं, ते मला या महिन्यात कळलं," कपाटाच्या दारात उभं राहून ती सगळ्यांना म्हणाली. बातम्या वाचायची सवय. तिचं घरातलं बोलणंही जरा ठळक बातम्यांसारखं निघे. "मी चार मऊ कपडे ठेवणार आहे. बाकी सगळं तुम्ही न्या."

"ताई, तुमचं मन खूप मोठं आहे," धाकटी म्हणाली, आणि निळ्या कोटाचा हँगर तिनं आधीच हातात घेतला होता.

कोणते चार ठेवायचे हे ठरवायची रीत मात्र अजब होती. माईकला कपड्यांचा आवाज चालत नाही. रेशीम सळसळतं, खळ घातलेलं सूत कुरकुरतं, अस्तर तर श्वास घेतला तरी बोलतं. म्हणून थोरली एकेक कपडा घेऊन कानाशी चोळायची. मग खात्रीसाठी दादाच्या कानाशी चोळायची. मग धाकट्याच्या. सगळं घर डोळे मिटून कपडे ऐकत होतं.

अप्पांनी आपला कानही पुढे केला. "हा शांत आहे," ते म्हणाले. पुढचा आला. "हाही शांत आहे."

"अप्पा, तुम्हाला कशाचाच आवाज येत नाही," दादा म्हणाला.

"म्हणून तर मी निःपक्षपाती," अप्पा म्हणाले. कानाचं यंत्र त्यांच्या खिशात डबीत होतं. ते फक्त डॉक्टरकडे जाताना लावायचे, डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून.

शेवटी एक जुना लोकरी स्वेटर, दोन धुऊन धुऊन विरलेले कुडते आणि तो ठिगळाचा पायजमा एवढे परीक्षेत पास झाले. बाकीच्यांवर धाड पडली. धाकटी नुकतीच विमा कंपनीत विभागप्रमुख झाली होती आणि उद्या तिची वरच्या लोकांबरोबर पहिली बैठक होती. तिनं निळा कोट घातला, राखाडी घातला, पुन्हा निळा घातला. धाकटा घरं दाखवायची दलाली करायचा. त्यानं तांबूस कोट अंगात चढवला. बटणं उलट्या बाजूला होती, खांदे थोडे वर आले होते, पण आरशात बघून तो एकदम सावकाश आणि वजनदार बोलायला लागला.

"या घराला पूर्वेचा उजेड आहे," तो आरशाला म्हणाला.

"तो बायकांचा कोट आहे," धाकटी म्हणाली.

"गिऱ्हाईक घराकडे बघतं. माझ्या बटणांकडे कोण बघतंय?"

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. धाकटी निळ्या कोटात चहा ओतून घेत होती. पाठमोरी. आपलाच वरचा अर्धा भाग आपल्याला सोडून चहा प्यायला गेलाय, असं काहीतरी तिला वाटलं. तिनं दुसरीकडे बघितलं.

दुसरीकडे दादा होता. त्याचा वेगळाच उद्योग चालला होता. तो दातांचा डॉक्टर, आणि पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे टाकून द्यायला त्याचा जीव होत नसे. दवाखान्यातून पोती भरभरून साचे त्यानं घरी आणले होते आणि बायकोचं कपाट रिकामं होणार म्हणताना तो मुंगीच्या पावलानं एकेक पोतं कपाटाच्या दिशेनं सरकवत होता.

"वरच्या फळ्यांवर हे राहतील," तो म्हणाला. "तुला काय, तू खाली बसून वाचणार."

"चारी बाजूंनी लोकांचे दात, आणि मी मधे बसून कादंबरी वाचू?"

"ते गप्प असतात."

मग त्यानं आत वाकून मापं घेतली. "टेबल बसेल," तो म्हणाला, "पण हा सगळ्यात खालचा कप्पा काढावा लागेल. भिंतीतून उखडावा लागेल. आत्याचं काय असेल ते दुसरीकडे ठेवू."

थोरली मनात टेबल मांडत होती. "हो, काढ ना," ती म्हणाली. "आत्यांचं सामान ते केवढं. माझ्या खोलीत कुठेही मावेल."

आत्या म्हणजे अप्पांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत परत आली, ती याच घरात राहिली. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायची आणि तिच्या आधी उठणारं घरात कोणी नव्हतं, म्हणून ती झोपलेली कधी कोणी पाहिलीही नव्हती. सगळे कपडे ऐकत होते तेव्हा ती दिवाणावर बसून मोजा विणत होती. थोरली 'मावेल' म्हणाली तेव्हा तिच्या सुया थांबल्या. ते मात्र कोणी ऐकलं नाही.

चहा झाला. बिस्किटं संपली. धाकट्यानं बॅगा गाडीत नेऊन ठेवल्या, अंगावरचा कोट तेवढा राहू दिला. दादा छिन्नी-हातोडी घेऊन कपाटाकडे गेला आणि दोन मिनिटांत परत आला.

"दार आतून बंद आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मोजलं. आत्या नव्हती.

थोरलीनं दार वाजवलं. "आत्या? आत तुम्ही आहात का?"

"आहे," आतून आवाज आला.

तो आवाज ऐकून धाकटा एक पाऊल मागे सरला. एरवी आत्याचं बोलणं म्हणजे चहाच्या कपावरची बशी हलल्यासारखं. आता तो आवाज विहिरीतून आल्यासारखा भरदार घुमत वर आला होता. दारालासुद्धा बारीक कंप सुटला.

"आत्या, दार उघडा. काय झालं?"

"काही झालं नाही. बसलेय."

"कशावर?"

"स्टुलावर."

अप्पा काठी टेकत आले. "आत कोण बोलतंय?"

"आत्या," दादा त्यांच्या कानाशी ओरडला.

"अक्का?" अप्पा चकित झाले. ते बहिणीला अक्का म्हणत. "अक्का एवढी स्वच्छ कधीपासून बोलायला लागली?" त्यांनी काठी भिंतीला लावली आणि दारासमोर खुर्ची मागवली. कित्येक वर्षांत बहिणीचा शब्द न् शब्द त्यांच्या कानात पहिल्यांदा शिरत होता, आणि ती संधी ते सोडणार नव्हते. "अक्का, आत काय करतेस?"

"माझ्या जागेत बसलेय."

"तुझी जागा कशी? ते कपाट आहे."

"कपाट नंतर झालं. आधी काय होतं, ते तुझ्या मुलांना सांग."

अप्पांनी कानामागे हात नेला. "काय म्हणते ती? नीट ऐकू येत नाही."

"आत्ता तर सगळं ऐकू येत होतं," धाकटी म्हणाली.

"अप्पा, गवंड्याचं माप चुकलं होतं ना?" दादानं विचारलं.

"गवंड्याचं माप बरोबर होतं," दार म्हणालं. "तुझ्या बापाचं चुकलं होतं. ही खोली माझी होती. मी परत आले तेव्हा हा म्हणाला, अक्का, नवीन घरात तुला स्वतंत्र खोली. मी माझी खाट घेऊन आले. खाट दारातून आत गेली, ती अर्धीच. अर्धी बाहेर."

धाकट्यानं तांबूस कोटाची बटणं काढली आणि परत लावली.

"मी विचारलं होतं तुला," अप्पा म्हणाले. आता त्यांना सगळं ऐकू येत होतं. "चालेल का, नाहीतर भिंत पाडून पुढे घेतो, असं विचारलं होतं. तूच नको म्हणालीस."

"कुठे विचारलंस? गवंडी, सुतार, रंगारी, तुझी बायको, बायकोची आई, एवढ्यांच्या समोर. तिथे कोण म्हणेल, की मला मोठी पाहिजे? मी म्हटलं, मला कशाला खोली, कपाट करा. तू म्हणालास, ठीक."

"तू म्हणालीस म्हणून मी ऐकलं."

"तेवढं एकच ऐकलंस. त्याच्या आधी नाही, नंतर नाही."

अप्पांनी भिंतीला लावलेली काठी उगाचच मांडीवर घेतली.

"मग तुझ्या बायकोनंच खालचा कप्पा मला दिला," आत्याचा आवाज थोडा खाली आला, तरी घुमायचा राहिला नाही. "चांगली होती ती. म्हणाली, हा तुमचा, याला कोणी हात लावणार नाही. आणि कोणी लावलाही नाही, आजपर्यंत."

थोरलीला एकदम आठवलं, की कपाटात शिरल्यावर आत्या नेहमी गुडघ्यावर बसलेली दिसायची. वरून लोंबणारे कोट एका हातानं बाजूला धरून दुसऱ्या हातानं ती खाली चाचपायची. थोरलीला वाटायचं, म्हातारीला सवय आहे. त्या कोटांची टोकं जरा वर टांगावीत, एवढंही तिला कधी सुचलं नव्हतं.

"आत्या, चुकलं माझं," ती दाराला म्हणाली. "मला वाटलं, तुमचं सामान थोडंसं आहे, कुठेही राहील. मी स्वतःचंच कमी करत होते, त्या नादात..."

"तुझं कमी कर तू. कमी लागतं हे तुला या महिन्यात कळलं, फार चांगलं झालं. मला किती लागतं, हे कोणी विचारलंच नव्हतं, बाई."

थोरली पुढे काही बोलणार होती, पण बोलली नाही. कारण 'बाई' हा शब्द संपल्यावरही संपला नव्हता. त्याचं शेपूट आत कुठेतरी भिंतीवरून भिंतीवर आपटत होतं. इतकी वर्षं आवाजाच्या धंद्यात काढलेला तिचा कान टवकारला गेला. तिनं दारावर एक टकटक केली. आत चार टकटकी झाल्या.

ती तशीच बाजूला झाली आणि आवाजवाल्याला फोन लावला. तिनं सगळं सांगितलं. पलीकडे तो हसायला लागला, आणि हसणं आवरून म्हणाला, "अहो, कपाट रिकामं केलंत? त्या कोटांमुळेच तर ते शांत होतं. आवाज कपडे खातात, भिंती नाही खात. आता तिथे बसून वाचलंत, तर लोकांना वाटेल तुम्ही बोगद्यातून बोलताय. नमुना तसा पाठवू नका हं. काम जाईल."

"मग?"

"मग काय, भरा परत. जितके जाड तितकं बरं."

थोरलीनं फोन ठेवला. खालच्या गाडीत बॅगा होत्या. आत्याच्या दिवाणावर दादानं तेवढ्यात ठेवलेली दातांची पोती होती. समोर निळा कोट घालून धाकटी उभी होती.

"कोट परत पाहिजेत," थोरली म्हणाली.

"कोणाला?" धाकटीनं विचारलं.

"मला."

"पण ताई, तुम्ही तर घालणार नाही म्हणालात."

"घालणार नाहीच. टांगणार आहे."

धाकटीला वाटलं, ही जावेची चाल आहे. दिलेलं परत मागायला काहीतरी कारण काढलंय. तिचा चेहरा ताठ झाला. "माझी उद्या बैठक आहे. मी सगळ्यांना निळ्या कोटाचं सांगून ठेवलंय."

"कोटाचं कसं सांगून ठेवलंस?"

"सांगितलं आपलं, कोट घेतेय म्हणून. आता दुसरं काय घालून जाऊ?"

धाकटा बायकोच्या बाजूनं बोलला, मग दादाला त्याच्या बाजूनं बोलावंसं वाटलं. कारण कोट परत आले असते, तर दात पुन्हा दवाखान्यात गेले असते. सासूबाईंच्या दागिन्यांवरून जे दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते, ते आता खांद्याला खांदा लावून उभे राहिले, एक बायकांच्या कोटात आणि एक हातात कोणाचा तरी खालचा जबडा घेऊन.

"देऊन टाकलं ते टाकलं," दादा म्हणाला. "एकदा साधं राहायचं ठरवलं की मागे वळून बघायचं नाही."

"माझ्या कोटांत तुझा शर्ट सापडायचा नाही, त्याचा सूड काढतोयस का?" थोरली म्हणाली. "तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"मी तत्त्वाच्या बाजूनं आहे."

"हातातलं तत्त्व खाली ठेव आधी."

तेवढ्यात दार बोललं. "सगळे गप्प बसा."

सगळे गप्प बसले. त्या आवाजापुढे दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

"थोरले, तुझ्या कामासाठी आत कोट लागतात, हे खरं का?"

"खरं, आत्या. नाहीतर आवाज घुमतो."

"ते मलाही कळतंय. माझं डोकं दुखायला लागलंय. धाकटे, तुला उद्या निळा कोट लागतो?"

"लागतो," धाकटी म्हणाली.

"ने. आणि त्याच्याएवढं जाड काहीतरी तुझ्या घरातून आणून इथे टांग. लागेल तेव्हा कोट न्यायचा, दुसरं काही लटकवायचं. जागा रिकामी ठेवायची नाही. तुम्हा दोघांच्या लग्नातली पांघरुणं अजून न उघडता पडली असतील. ती आण."

धाकटी वरमली. ती खरंच तशीच पडली होती.

"आणि कप्पा?" दादानं विचारलं.

थोरलीनं दादाची छिन्नी-हातोडी उचलून बाजूला ठेवली.

"कप्पा तिथेच राहील," थोरली म्हणाली. "टेबल नको. मी मांडीवर पुस्तक घेऊन वाचेन. टेबलाचं आणि माझं तसंही फाटलंय."

कडी सरकली. आत्या दारात उभी राहिली. केसांना भिंतीचा चुना लागला होता, हातात अर्धवट मोजा होता, आणि बाहेर आल्याबरोबर तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "पाणी दे गं जरा," ती म्हणाली. अप्पांनी ते ऐकलं नाही.

मग अख्खं घर कामाला लागलं. धाकट्यानं बॅगा वर आणल्या. धाकटी एकदा घरी जाऊन पांघरुणं घेऊन आली, आणि कोणी न सांगता नवऱ्याचा थंडीतला ओव्हरकोटही घेऊन आली. थोरलीनं कोट टांगायला घेतले. दर दोन कोटांनंतर ती आत शिरून टाळी वाजवायची. टाळी आधी खणखणीत यायची, मग बसकी, मग बद्द. शेवटी तर हातावर हात पडलेला नुसता दिसायचा. आपण यातलं काही अंगावर घालणार नाही, हे माहीत असूनही प्रत्येक कोट टांगताना ती सवयीनं त्याची कॉलर नीट करत होती. खालच्या कप्प्यावर लोंबतील असे लांब कोट तिनं पलीकडच्या दांडीवर नेले. दिवस मावळेपर्यंत कपाट पूर्वी होतं त्याहून जास्त भरलं होतं.

ती ठिगळाचा पायजमा आणि विरलेला कुडता घालून आत बसली, कडी लावली आणि दोन पानं वाचून पाठवली. थोड्या वेळानं आवाजवाल्याचा फोन आला. "आता बरोबर," तो म्हणाला. "तुम्ही कानात बसून बोलताय असं वाटतं. उद्यापासून सुरू करा." थोरलीनं फोन ठेवला आणि मग तिला रडू आलं, टेबल गेलं तेव्हाचं बहुधा राहून गेलं होतं. आत्यानं तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

धाकटी-धाकटा निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात अप्पा खुर्चीतून उठले. खिशातली डबी काढून त्यांनी कानाचं यंत्र लावलं. डॉक्टर नसताना त्यांनी ते लावलेलं पाहून धाकटा हातातली गाडीची किल्ली विसरला.

"अक्का, जरा आत ये," अप्पा म्हणाले आणि स्वतः कपाटात शिरले.

"काय रे?"

"ये म्हणतो ना."

आत्या आत गेली. दार बंद झालं. कडी लागली.

दादानं दाराला कान लावला. धाकट्यानं त्याच्या खाली वाकून लावला. काही ऐकू येईना. धाकटीनं निळ्या कोटाची बाही सावरून बिजागरीशी कान नेला.

"ताई, तुम्हाला काही येतंय का?" तिनं कुजबुजून विचारलं.

"काही येणार नाही," थोरली म्हणाली. "खूप जाड झालंय ते."

आत अप्पा काय म्हणाले आणि आत्या काय म्हणाली, ते कोणाला कळलं नाही. बराच वेळ गेला. एकदा दार आतून हललं, तेव्हा सगळे झटकन बाजूला होऊन भिंतीवरचं चित्र बघायला लागले, पण ते नुसतंच हललं होतं. मग कडी सरकली आणि आधी आत्या बाहेर आली. डोळे लाल होते, पण चाल सरळ होती. ती बाहेरच्या खोलीत गेली, दिवाणावरची पोती बाजूला करून आपली उशी आणि पांघरूण काढलं, आणि कोणाकडे न बघता अप्पांच्या खोलीत गेली. कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं मात्र तिनं काही घेतलं नाही. तो तिचाच होता.

मागून अप्पा आले. त्यांची टोपी वाकडी झाली होती.

"आजपासून ती खोली तिची," ते म्हणाले. "मी दिवाणावर झोपेन. कोणी काही विचारायचं नाही. आधीच चारचौघांत विचारून एकदा घोळ झालाय."

दादा मुकाट्यानं पोती उचलायला लागला. थोरली अप्पांसाठी नवी चादर काढायला वळली, तेवढ्यात खोलीचं दार किलकिलं झालं. आत्याच्या एका हातात अप्पांचा जुना रेनकोट होता. दुसऱ्या हातात त्याहून जुना. मागे खोलीतलं लाकडी कपाट सताड उघडं होतं आणि त्यातून कपड्यांचे ढीग बाहेर डोकावत होते.

"अरे," ती आपल्या बशी हलल्यासारख्या आवाजात म्हणाली, "यातलं तू घालतोस काय काय?"

अप्पांच्या कानात यंत्र अजून तसंच होतं. त्यांचा हात हळूच वर गेला, त्यांनी ते काढलं, डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण नीट बसलंय का ते पाहिलं.

"काय म्हणते ती?" त्यांनी सुनेला विचारलं.